खासगी यंत्राचे स्वातंत्र्य कोणाच्या हिताचे?

कंपनीच्या अंतर्गत पोर्टलात यापुढे कंपनीने दिलेल्या आणि कंपनीच्याच देखरेखीखाली असलेल्या लॅपटॉपवरूनच प्रवेश मिळेल, घरच्या वा अन्य कोणत्याही यंत्रावरून मिळणार नाही, अशा आशयाचा हुकूम गेल्या काही वर्षांत एकामागून एक कचेऱ्यांतून निघू लागला आहे. आणि तो निघाल्याबरोबर हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत, जिथे जिथे संगणकावर पोट असणारा सुशिक्षित वर्ग दुपारच्या जेवणाला एकत्र बसतो, तिथे तिथे त्याच्या निषेधाचा एकच सूर ऐकू येतो. ज्या माणसाच्या हाती परदेशी बँकांचे व्यवहार आणि रुग्णालयांची दप्तरे बिनदिक्कत सोपविली जातात, त्याच्यावरच हा अविश्वास का? स्वतःच्या कष्टाच्या पैशाने घेतलेले उत्तम यंत्र घरी असताना कंपनीचे जुने, रखडत चालणारे यंत्र पाठीवर वाहण्याची सक्ती का? आणि ज्या लॅपटॉपच्या अंतरंगात कंपनीचा पहारा बसविलेला आहे तोच वापरण्याचा आग्रह म्हणजे आमच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवण्याचा परवानाच नव्हे काय? या तीन प्रश्नांत त्या फिर्यादीचे सारे बळ साठवलेले असते.

फिर्याद करणाऱ्यांची कळकळ खरी आहे, यात मला संशय नाही. त्यांतले अनेकजण माझे स्नेही आहेत आणि मालकवर्गाकडे संशयाने पाहण्याची त्यांची सवय मला आरोग्यदायक वाटते. परंतु या एका बाबतीत त्यांनी आपली तलवार चुकीच्या दिशेने उगारली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले खासगी यंत्र कचेरीच्या कामाला जुंपण्याची मुभा मागणे, हे स्वातंत्र्य मागणे नव्हे. मालकाने जे साधन पुरवायला हवे ते आपल्या खिशातून पुरविण्याची, आणि वर त्या साधनाच्या सुरक्षिततेची जोखीमही आपल्या शिरावर घेण्याची ती तयारी आहे. कामाचे साधन देणे हे कामाला लावणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि घरचे यंत्र घरचेच राहणे हा कामकऱ्याचा हक्क आहे. या दोन गोष्टी ज्या निर्बंधाने एकाच वेळी साधतात, तो निर्बंध उठवा असे म्हणण्यापेक्षा तो पुरतेपणी आणि प्रामाणिकपणे पाळा, असे मालकाला ठणकावून सांगणे अधिक श्रेयस्कर आहे.

प्रथम अविश्वासाचा मुद्दा घेऊ, कारण भावनेला सर्वांत अधिक स्पर्श करणारा तोच आहे. पोर्टलाच्या दाराशी परवलीचा शब्द विचारला जातो, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला जातो. या दोहोंनी इतकीच खातरजमा होते की दाराशी उभा असलेला माणूस तोच आहे. तो ज्या यंत्रावर बसला आहे त्या यंत्रात आणखी कोण दडून बसले आहे, याविषयी ते दोन्ही पुरावे मुके असतात. माणूस सज्जन असतो, यंत्र दूषित असते, आणि दूषित यंत्र सज्जन माणसाच्याच हाताने, त्याच्याच नावाने, त्याला नकळत आत शिरते. तेव्हा यंत्राची पारख करणे म्हणजे माणसावर संशय घेणे, हे समीकरणच मुळात फसवे आहे.

याचे जे उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळापासून अभ्यासावे ते ‘लास्टपास’ या कंपनीचे. लोकांचे परवलीचे शब्द एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळून ठेवणे हाच जिचा व्यवसाय, त्या कंपनीत २०२२ साली शिरकाव झाला, आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रती ज्या साठवणीत होत्या तिथवर चोर पोहोचले. कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये जो खुलासा केला त्यावरून असे दिसते की त्या साठवणीच्या किल्ल्यांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार अवघ्या चार अभियंत्यांना होता. चोरांनी त्यांतल्या एकाला हेरले, आणि त्याच्या कचेरीच्या यंत्रावर नव्हे, तर घरच्या संगणकावर हल्ला चढविला. त्या संगणकावर चित्रपट-संगीत ऐकण्या-पाहण्याची एक प्रणाली होती, तिच्यात एक छिद्र होते, त्या छिद्रातून कळफलकावरचा प्रत्येक आघात टिपून घेणारा हेर आत सोडण्यात आला, आणि त्या अभियंत्याने ओटीपीसारखी दुसरी खातरजमाही रीतसर पार पाडून आपला मुख्य परवलीचा शब्द टंकलिखित केला त्या क्षणी तो चोरांच्या हाती पडला. ते छिद्र बुजविणारी सुधारित आवृत्ती ती प्रणाली बनविणाऱ्यांनी २०२० सालच्या मे महिन्यातच प्रसृत केली होती. त्या घरच्या संगणकावर ती दोन वर्षे उलटून गेली तरी चढविलेली नव्हती.

या प्रकरणात अविश्वास कुठे होता? कंपनीने त्या माणसावर पराकाष्ठेचा विश्वास टाकला होता. चौघांपैकी एक म्हणून त्याची निवड झाली होती. त्याने फितुरी केली नाही, निष्काळजीपणाही फारसा केला नाही, कारण आपल्या दिवाणखान्यातली चित्रपट पाहण्याची प्रणाली महिन्याच्या महिन्याला अद्ययावत करणारा गृहस्थ विरळाच. दोष होता तो त्या व्यवस्थेचा, जिने लक्षावधी लोकांच्या गुपितांचा भार एका कुटुंबवत्सल माणसाच्या घरगुती करमणुकीच्या यंत्रावर येऊ दिला. घरच्या यंत्रावरून ती तिजोरी उघडतच नाही असा कडक बंदोबस्त असता, तर त्या संगणकात शिरलेल्या हेराला कंपनीचे काहीच हाती लागले नसते, आणि जगभर ज्याच्या घरातल्या यंत्राची चर्चा झाली तो माणूस त्या चर्चेपासून वाचला असता. निर्बंधाने मालकाच्या मालमत्तेचे रक्षण होते हे सर्वांना दिसते. निर्बंधाने नोकराच्या अब्रूचेही रक्षण होते, हे आमच्या आक्षेपकांच्या नजरेतून सुटले आहे.

हा निर्बंध कोठून आला, हेही त्याला जाचक म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. २००९ च्या अखेरीस गूगलसह अनेक अमेरिकी कंपन्यांवर एक मोठा हल्ला झाला, गूगलने जानेवारी २०१० मध्ये तो जाहीर केला, आणि त्यानंतर त्या कंपनीने आपल्या साऱ्या अंतर्गत व्यवहाराची फेरमांडणी केली. तोवर जगातल्या बहुतेक कचेऱ्यांची समजूत अशी होती की इमारतीच्या भिंतीआतले जाळे विश्वासाचे, बाहेरचे अविश्वासाचे. जो इमारतीत बसला आहे, किंवा व्हीपीएनच्या बोगद्यातून इमारतीत आल्याचे ज्याने भासविले आहे, त्याला सर्व दालने खुली. गूगलने ही समजूतच टाकून दिली. ‘बियाँडकॉर्प’ या नावाने २०१४ च्या डिसेंबरपासून जे निबंध त्या कंपनीच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले, त्यांत मांडलेली व्यवस्था अशी की माणूस कोठेही असो, कचेरीत असो वा उपाहारगृहात, जाळ्याला काडीचे महत्त्व नाही. मात्र त्याच्या हातातले यंत्र कंपनीने खरेदी केलेले, कंपनीच्या नोंदवहीत दाखल असलेले आणि आपले अंकीय प्रमाणपत्र धारण करणारे असले पाहिजे. स्थळाचे बंधन सुटले ते यंत्राच्या बंधनाच्या बळावर.

ही गोष्ट आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये अनुभवाला आली. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा भारतातल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांपैकी कित्येकांचे कर्मचारी कचेरीतल्या टेबलावरच्या जड संगणकांना जखडलेले होते; ते संगणक गाड्यांत घालून घरोघर पोहोचवावे लागले, परदेशी ग्राहकांची लेखी संमती मिळवावी लागली, आणि दूरसंचार खात्यालाही घरून काम करण्याच्या नियमांत सवलत द्यावी लागली. ज्यांच्याकडे देखरेखीखालचे लॅपटॉप आधीपासून होते त्यांचे काम मात्र फारसे अडले नाही. तेव्हा आज सातारच्या वा रत्नागिरीच्या आपल्या घरी बसून जो तरुण लंडनच्या विमा कंपनीचे काम करतो, त्याच्या त्या मोकळीकीला तारण कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच: त्याच्या मांडीवरचा कंपनीचा लॅपटॉप. तो काढून घ्या, आणि ग्राहक पुन्हा भिंतीआतली जागा, दारावरचा पहारेकरी आणि बाहेर ठेवायचा मोबाइल यांचा आग्रह धरील.

आता आक्षेपकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण घेतो. कारण प्रतिपक्षाचे दुबळे मुद्दे तेवढे निवडून त्यांवर विजय मिळविणे हा वादाचा सभ्य प्रकार नव्हे. जाणते आक्षेपक असे म्हणतात, की यंत्र कोणाच्या मालकीचे याला महत्त्व नाही, ते निरोगी आहे की नाही याला आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक-संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये या विषयावर जी पुस्तिका काढली तिच्यातही मालकी हीच एकमेव कसोटी मानलेली नाही, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या यंत्राचाही तिने विचार केला आहे. मग माझ्या यंत्राची तबकडी सांकेतिक कुलपात आहे का, प्रणाली अद्ययावत आहे का, विषाणुरोधक चालू आहे का, एवढे तपासा आणि मला आत सोडा. ते तुम्हीच विकत घेतलेले असावे हा हट्ट कशासाठी?

हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले पाहिजे. यंत्राच्या आरोग्याची तपासणी दुरून, नुसत्या नजरेने होत नाही. ती करण्यासाठी त्या यंत्रात कंपनीचा एक कायमचा तपासनीस बसवावा लागतो, आणि त्याला इतके अधिकार द्यावे लागतात की तो कोणतीही प्रक्रिया पाहू शकेल, कोणतीही फाइल उघडू शकेल, प्रसंगी यंत्र कुलूपबंद करू शकेल वा पुसून टाकू शकेल. अधिकार कमी दिले तर त्याची साक्ष निरुपयोगी ठरते. कारण ज्या यंत्रावर सर्वाधिकार मालकाकडे, म्हणजे येथे त्या कर्मचाऱ्याकडे, आहेत, त्या यंत्रात शिरलेला चोरही तेच अधिकार बळकावून ‘मी निरोगी आहे’ असे खोटे प्रतिज्ञापत्र तपासनिसाच्या हाती देऊ शकतो. म्हणजे निवड उरते ती अशी: एक तर तपासणी लटकी, किंवा तपासनीस सर्वाधिकारी. आणि सर्वाधिकारी तपासनीस बसवायचा तो कोठे? ज्या यंत्रात मुलांचे फोटो आहेत, आईच्या आजारपणाचे अहवाल आहेत, पतिपत्नींचा पत्रव्यवहार आहे, दुसऱ्या नोकरीसाठी केलेला अर्ज आहे, तेथे! पाळतीच्या भयाने ज्यांनी कंपनीचा लॅपटॉप नाकारला, त्यांनी त्याच भयाचे कारण आपल्या हाताने आपल्या माजघरात आणून बसवावे, यापरते दुर्दैव कोणते?

हे केवळ तर्काने रचलेले भय नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये घरबांधणीच्या व्यवसायातल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने आपला स्वतःचा आयफोन कंपनीच्या टपालव्यवस्थेला जोडला होता. २०१३ साली त्याने राजीनामा देताच तो फोन दुरून पुसून टाकण्यात आला, आणि कंपनीच्या पत्रांबरोबर त्याची खासगी छायाचित्रे आणि टिपणेही नष्ट झाली. तो न्यायालयात गेला. २०१४ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने संघीय कायद्यांखालचे त्याचे दावे फेटाळले. यंत्र त्याचे, पैसा त्याचा, आठवणी त्याच्या, आणि पुसण्याचा अधिकार दुसऱ्याचा! भारतातही कायद्याचा कल आश्वासक नाही. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात, नोकरीच्या कारणासाठी वा मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी, कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती त्याच्या संमतीवाचूनही हाताळण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. ही वाट ज्या कायद्याने मालकाला दिली आहे, त्या कायद्याच्या राज्यात आपले खासगी यंत्र नोकरीच्या कारणासाठी स्वखुशीने हजर करणे म्हणजे आपल्या हाती असलेला एकुलता एक अडसर स्वतःच काढून ठेवणे होय.

घरच्या यंत्राविषयी आणखी एक साधी वस्तुस्थिती आहे, जिचा उच्चार करायला आमचे उच्चशिक्षित बंधू संकोचतात. मध्यमवर्गीय घरातला लॅपटॉप बहुधा एकट्याचा नसतोच. त्यावर मुलीचा अभ्यास चालतो, मुलाचे खेळ चालतात, आणि कोणीतरी फुकटात मिळालेली एखादी प्रणाली त्यावर केव्हातरी चढवून ठेवलेली असते. २०२४ साली ‘स्नोफ्लेक’ या साठवणसेवेच्या ग्राहकांकडून जी मोठी विदाचोरी झाली, जिच्यासंबंधी सुमारे १६५ संस्थांना सावध करण्यात आले, तिचा शोध घेताना ‘मँडियंट’ या तपास करणाऱ्या कंपनीला हेच आढळले: अनेक ठिकाणी दुसरी खातरजमा लावलेलीच नव्हती, आणि काही परवलीचे शब्द कंत्राटदारांच्या अशा यंत्रांतून गेले होते, ज्यांवर खेळही खेळले जात आणि चोरीच्या प्रणालीही उतरविल्या जात.

यावर असा प्रतिप्रश्न येतो, की कंपनीच्या देखरेखीखालचे लॅपटॉप काय फुटत नाहीत? फुटतात, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २०२२ मध्ये ‘सर्कलसीआय’ या कंपनीच्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर शिरलेला हेर कंपनीच्या विषाणुरोधकाला दिसला नाही, आणि दुहेरी खातरजमा झाल्यानंतर न्याहाळकात जी कुकी साठते ती त्याने पळविली. पण पुढे काय झाले ते पाहा: ती कुकी घेऊन चोर दुसऱ्याच ठिकाणाहून त्या अभियंत्याच्या नावाने वावरले. परवानगी ही जर त्या विशिष्ट यंत्राच्या प्रमाणपत्राला बांधलेली असती, तर पळविलेली कुकी परक्या यंत्रावर निरुपयोगी ठरली असती. दुसरे उदाहरण ‘ऑक्टा’ कंपनीचे, जे आक्षेपक फार वेळा पुढे करतात. २०२३ च्या शरदात तिच्या मदतकक्षाच्या व्यवस्थेत शिरकाव झाला, १३४ ग्राहकांच्या फाइली चोरांनी पाहिल्या. कंपनीनेच दिलेल्या लॅपटॉपवर एका कर्मचाऱ्याने न्याहाळकात आपले खासगी गूगल खाते उघडले होते, आणि सेवाखात्याचा परवलीचा शब्द त्या खासगी खात्यात जाऊन साठला होता. तेथूनच, म्हणजे त्या खासगी खात्यातून वा खासगी यंत्रातून, तो फुटला असावा असा निष्कर्ष कंपनीने काढला. येथे पराभव झाला तो निर्बंधाचा नव्हे. खासगी आणि कचेरीचे यांची जी सरमिसळ निर्बंधाने अडवायला हवी होती ती अर्धवटच अडविली, त्या अर्धवटपणाचा झाला. घटनेनंतर कंपनीने आपल्या लॅपटॉपांवर खासगी खाती उघडण्यास मज्जाव केला.

देखरेख एकाच हाती एकवटल्याने जो धोका निर्माण होतो तो मात्र मी हलका लेखत नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाच वेळी निश्चेष्ट केली, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन विमानात चढावे लागले. देखरेखीची प्रणाली निवडताना आणि तिचे बदल टप्प्याटप्प्याने लागू करताना दक्षता हवी, असा त्याचा अर्थ आहे. देखरेखच नको, असा नाही.

पाळतीच्या मुद्द्यावर मी आक्षेपकांच्या बाजूला त्यांच्याहूनही अधिक आवेशाने उभा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन येथील शाळांनी विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपांचे कॅमेरे दुरून चालू करून मुलांच्या घरातली हजारो छायाचित्रे टिपली, हे २०१० मध्ये उघडकीस आले, आणि त्या शाळामंडळाला ६ लाख १० हजार डॉलर देऊन दावे मिटवावे लागले. देखरेखीखालच्या यंत्राचा दुरुपयोग कोणत्या थराला जातो याचे याहून भयंकर प्रमाण मला ठाऊक नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी रुमानियातल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात असा निवाडा दिला की कचेरीच्या संगणकावरून पाठविलेल्या संदेशांनाही खासगी जीवनाच्या हक्काचे संरक्षण असते; पाळत ठेवण्याची आगाऊ सूचना, तिची व्याप्ती, तिची गरज, या साऱ्याची शहानिशा न्यायालयाने केलीच पाहिजे. असा कायदा भारतात हवा, आणि त्यासाठी लढले पाहिजे. परंतु ही लढाई जिंकण्याचे साधन कोणते? कॅमेरा ज्या यंत्राचा आहे ते यंत्र संध्याकाळी मिटून कपाटात ठेवता येणे, हे पहिले साधन. कचेरीचे आणि घरचे यंत्र एकच असेल तर ते मिटता येत नाही. कामाची वेळ संपते, पण पहारा चालूच राहतो.

आता खर्चाचा प्रश्न, जो मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, कारण याच ठिकाणी आक्षेपक नकळत मालकाची वकिली करतात. सोलापूर-सिन्नरकडच्या विडी-कामगार बायकांचा इतिहास त्यांनी आठवावा. कारखान्यात जे काम व्हायचे ते घरी वाटून दिले गेले, पाने आणि तंबाखू मालकाची, पण बसायची जागा, दिवा, कात्री आणि सूप त्या बाईचे; आणि घरी काम करते म्हणून ती कामगारच नव्हे, असा मालकांचा पवित्रा असे. १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगाराचा दर्जा द्यावा लागला, तो याच अन्यायापोटी. आपला लॅपटॉप, आपली वीज, आपले इंटरनेट घेऊन कामाला बसणारा अभियंता पगाराने कितीही मोठा असो, साधनांच्या बाबतीत त्याच वाटेवर उभा आहे, आणि तो तेथे स्वेच्छेने जाऊ पाहतो याचे मला वाईट वाटते. याउलट महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये काय केले? शासनाने दिलेले मोबाइल निकृष्ट, सारखे बिघडणारे, आणि त्यांच्या दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवरच. त्या बायकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढून ते मोबाइल शासनाला परत केले. आमचे मोबाइल वापरू द्या, अशी त्यांची मागणी नव्हती. काम तुमचे आहे, चांगले यंत्र तुम्ही द्या, ही होती. हिंजवडीतल्या पदवीधरांपेक्षा या सेविकांना मालक-नोकर संबंधाचे मर्म अधिक अचूक उमगले होते, हे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

म्हणूनच माझा खरा रोष ज्यांच्यावर आहे ते आक्षेपक नव्हेत, तर अर्धा निर्बंध पाळणारे मालक. कायम कर्मचाऱ्याला लॅपटॉप द्यायचा, आणि तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला मात्र, दारे बंद असल्यामुळे, आयटी विभागाकडून ‘अपवाद’ मंजूर करून त्याच्या स्वतःच्या यंत्रावरून आत घ्यायचे, ही रीत जागोजागी दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘उबर’मध्ये जो शिरकाव झाला तो एका बाहेरच्या कंत्राटदाराच्या खात्यातून, त्याचे खासगी यंत्र आधी दूषित झाले असावे आणि त्याचा परवलीचा शब्द चोरबाजारात विकला गेला असावा, असे कंपनीनेच सांगितले, मग मोबाइलवर मंजुरीच्या मागण्यांचा मारा होत राहिला आणि अखेर त्यांतली एक त्याच्या हातून मंजूर झाली. ज्याला यंत्र दिले नाही, त्याच्याच नावावर अपघाताची नोंद झाली. आपल्या देशात तर ‘सर्ट-इन’ या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक आहे, आणि वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास नव्या विदा-कायद्याखाली २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंत्राटी तरुणाच्या घरच्या यंत्रात काय घडले याची रुजुवात मालक ६ तासांत कशी करणार? तो त्या तरुणाचे यंत्रच तपासासाठी मागणार, आणि देणार नाही म्हणण्याची ताकद त्या तरुणात नसणार.

मालकांचा दुसरा अपराध याहून सूक्ष्म आहे. कंपनीचे काम आणि कर्मचाऱ्याची स्वतःची कागदपत्रे या दोन भिन्न वस्तू आहेत. पण सोयीसाठी त्या एकाच पोर्टलात घालून एकाच दारामागे ठेवल्या जातात. पगाराची पावती, करकपातीचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, रजेचा हिशेब, अनुभवाचे पत्र, ही कंपनीची गुपिते नव्हेत. ती त्या माणसाची मिळकत आहे. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करून घेतला जातो, आणि त्याच क्षणी पाच-दहा वर्षांच्या पावत्याही त्याच्यासमोर मिटल्या जातात. मग गृहकर्जाच्या वेळी बँकेपुढे त्या हजर करायच्या तर जुन्या कचेरीकडे अर्जविनंत्या करीत बसावे लागते. त्याहून गंभीर प्रश्न तक्रारीचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करण्याचा हक्क स्त्रीला दिला. ती तक्रार जर केवळ कंपनीच्या पहाऱ्याखालच्या लॅपटॉपवरूनच करता येत असेल, आणि त्या पहाऱ्याच्या नोंदी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या खात्याकडे जात असतील, तर तो हक्क कागदावरच राहिला. या कागदपत्रांसाठी आणि या तक्रारींसाठी वेगळे दार हवे, ते कोणत्याही यंत्रावरून, नोकरी सुटल्यानंतरही उघडणारे हवे, आणि कंपनीच्या कामाच्या दालनांत त्यातून डोकावता येऊ नये अशी त्याची रचना हवी. तंत्राच्या दृष्टीने यात काहीही अवघड नाही. बँका आपल्या खातेदारांना एक दार आणि कारकुनांना दुसरे दार कधीपासूनच ठेवीत आल्या आहेत.

तेव्हा निर्बंध उठवा, ही मागणी आक्षेपकांनी मागे घ्यावी आणि तिच्या जागी या मागण्या मांडाव्यात. ज्या कोणाला कामावर घेतले, मग तो कायम असो, कंत्राटी असो वा सहा महिन्यांचा उमेदवार असो, त्याला रुजू होण्याच्या दिवशी, काम निभावेल इतक्या कुवतीचा लॅपटॉप मिळावा. तो बिघडला तर दुरुस्तीचा वा हरवला तर किमतीचा बोजा, हेतुपुरस्सर नुकसान सिद्ध झाल्याखेरीज, त्याच्या पगारावर पडू नये. यंत्र मिळेपर्यंतचे दिवस हजेरीत धरले जावेत. त्या यंत्रात कोणकोणत्या नोंदी होतात, किती काळ राहतात आणि कोण पाहू शकतो, हे मराठीत वा त्याला समजेल त्या भाषेत लिहून त्याच्या हाती द्यावे. आणि मोबाइलवर ओटीपी घेण्यापलीकडे त्याच्या खासगी फोनात कंपनीने काहीही बसवू नये. फोनावरच काम करून हवे असेल, तर फोनही कंपनीनेच द्यावा.